डावीकडचा आवाज

घोडपदेव
रविवार, १४ जानेवारी २०२४

नूपुर,

पाकिटावरचं अक्षर पाहून फोडावं की नाही असा विचार केला असशील. फोडलंस, बरं केलंस. मी फोन केला की तू "आईकडे द्या" म्हणतेस. कागद आईकडे देता येत नाही, म्हणून पोस्टाने लिहितोय.

बातमी मला काल कळली. तुझी आई तीळ भाजत होती. म्हणाली, "पाचवा लागला." मी विचारलं, "कोणाला?" तशी हातातलं उलथणं माझ्यावर रोखून म्हणाली, "खालच्या वॉचमनला! अहो, नूपुरला. तिसऱ्यांदा सांगतेय." आधी दोनदा गाडीत सांगितलं, असं तिचं म्हणणं. सांगितलं असतं तर माझ्या लक्षात राहिलं असतं. माझी स्मरणशक्ती तुला माहीत आहे.

तेव्हा मुद्द्याचं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातव्यात ओटी भरायची आणि मी तुला नाशिकहून इकडे आणायचं. मी स्वतः, आपल्या गाडीने. तुझ्या लग्नाला मी चर्चच्या दारापर्यंतसुद्धा आलो नाही, त्याची कारणं तेव्हाच सांगितली होती आणि ती बदललेली नाहीत. पण येणाऱ्या मुलाने माझं काही बिघडवलेलं नाही. आल्विनला यात काही करायचं नाही. त्याने बॅग खाली आणून द्यावी, एवढंच.

हो, गाडी घेतली. वापरलेली आहे, पण आधीच्या मालकाने नीट ठेवलेली. तिच्यात एकच खोट आहे, सीडी घालायची फट नाही. पेनड्राइव्ह लावायचा आणि ऐकायचं. म्हणजे आपल्या दोन कपाटं भरून असलेल्या सीडी, ज्या मी ऑफिसातून सुटल्यावर काळा घोड्यापासून दादरपर्यंत हिंडून एकेक करून जमवल्या, त्या गाडीच्या दृष्टीने नाहीतच. म्हणून कामाला लागलोय. एकेक सीडी कॉम्प्युटरला जोडलेल्या ड्राइव्हमध्ये घालायची, तिची एमपी थ्री करायची. ही पद्धत काय करते माहीत आहे का? माणसाच्या कानाला कळणार नाही असं तिला जे वाटतं, ते ती टाकून देते आणि उरलेलं बारीक करून ठेवते. लोक फार टाकू देतात, मग झांजेचा आवाज चहाच्या बशीसारखा येतो. मी कमीत कमी टाकू देतो. हे मला कोणी शिकवलं नाही. शिपिंग ऑफिसात बिलं लिहिता लिहिता पुस्तकं वाचून मी ॲम्प्लिफायर बांधला, तो आजही वाजतोय, तसंच हे.

प्रत्येक फाइल हेडफोन लावून तपासतो. त्यामुळे वेळ लागतो. जुना हेडफोन डाव्या बाजूने मेला. नवा मागवला, तोही डाव्या बाजूने मुका निघाला. परत पाठवलाय. हल्ली कोणी माल तपासून पाठवत नाही.

उद्या संक्रांत. तिळगूळ आई कुरियर करतेय. नेहमीचं वाक्य तिच्या चिठ्ठीत असेल, ते मी परत लिहीत नाही.

बाबा


घोडपदेव
शनिवार, ३ फेब्रुवारी

नूपुर,

तुझा निरोप आईने वाचून दाखवला. "बाळंतपण इथेच करेन, आल्विनची मम्मी येणार आहे, बाबांनी त्रास घेऊ नये." इनेझबाई चांगल्या आहेत, मी कधी नाही म्हटलेलं नाही. भायखळ्याहून माझगावपर्यंत त्यांच्या हातच्या केकला नाव आहे. पण बाळंतिणीला केक चालत नाही. शिवाय मी त्रास घेतोय असं कोणी सांगितलं तुला? मला आनंद होतोय.

कपाटातल्या भावगीतांचा आणि नाट्यगीतांचा खण संपला. गंमत सांगतो. गाडीचा प्लेअर नावाप्रमाणे गाणी लावत नाही, ज्या क्रमाने तू ती पेनड्राइव्हवर चढवलीस त्याच क्रमाने वाजवतो. बहुतेकांना हे ठाऊकच नसतं, ते उगाच बटणं दाबत बसतात. मी त्याचा उपयोग करून घेतलाय. नाशिकहून निघताना भूपाळ्या. घोटीला तू लहानपणी ज्यावर नाचायचीस ती सगळी. कसारा घाट उतरताना नुसती सतार, म्हणजे माझंही लक्ष रस्त्यावर आणि तुझंही पोट हलणार नाही. गाणं कुठे संपेल आणि वळण कुठे येईल याचा मेळ मी नकाशावर बसवतोय.

एक अडचण आहे. गाडीत डाव्या दाराचा स्पीकर कमी बोलतो. स्पीकर बदलला, तरी तेच. वायर बदलली, तरी तेच. मग मी डाव्याची तार उजव्याला आणि उजव्याची डाव्याला जोडून पाहिली, तरी कमी बोलतंय ते डावंच. दाराच्या पत्र्यातच काहीतरी आवाज खाणारं आहे. दार उघडून आतून फेल्ट लावणार आहे.

आणि गाडी डावीकडे ओढते. चाकांची अलाइनमेंट दोन ठिकाणी करून घेतली, लालबागला एक आणि वरळीला एक. दोघंही म्हणतात सरळ आहे. वरळीच्या माणसाने तर हात सोडून चालवून दाखवली. त्याच्या हातात ती सरळ जाते, हे मी नाकारत नाही.

परवा रमाकांतला गिरगावात सोडायला गेलो. चाळीतला आपला रमाकांत, तुला खेळण्यातला सॅक्सोफोन देणारा. एरवी बोलून डोकं उठवतो, पण उतरताना चिडलेला. म्हणाला, "हेम्या, तुझ्यापेक्षा ती मॅपवाली बाई बरी. ती ऐकत नाही हे निदान आधीपासून माहीत असतं."

मी म्हटलं, "काय झालं?"

"नळबाजारापासून विचारतोय, पोरगी येणार का, पोरगी येणार का. तू आपला समोर बघून गुणगुणतोयस. एवढा कसला माज रे? साधी सेकंडहँड गाडी तर आहे."

"गाणं चालू असताना मी बोलत नाही," मी म्हटलं.

"मग वहिनीला कशाला बसवतोस शेजारी? टेपच ठेव."

त्याच्या बोलण्याला अर्थ नसतो. पण तुझी आईही हल्ली गाडीत गप्प असते. आधी काहीबाही सांगायची, रस्त्यात दिसलेलं, कोणाच्या साडीबद्दल. आता खिडकीबाहेर बघते. मी विचारलं तर म्हणते, "काही नाही." मला शांतता आवडते, तेव्हा तक्रार नाही.

बिल्डरने जिन्याच्या लाद्या उतार देऊन बसवल्यात. उतरताना कठड्याला हात लावल्याशिवाय चालत नाही. सोसायटीला लेखी कळवलंय. आईला उतार दिसत नाही, पण तिला लेव्हल बघायची सवय नाही.

बाबा


घोडपदेव
सोमवार, १९ फेब्रुवारी

नूपुर,

तुझ्या सासूबाईंनी तुला फोन केला असणार. तेव्हा जे झालं ते मी क्रमाने लिहितो, म्हणजे एकच बाजू कानावर जायला नको.

मी त्यांना परेलचं हॉस्पिटल दाखवायला नेत होतो. म्हटलं, स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मग ठरवा सून कुठे ठेवायची. भायखळ्याला त्यांना गाडीत घेतलं. त्या डावीकडे बसल्या, पर्स मांडीवर. गाणं मुद्दाम त्यांच्या आवडीचं लावलं होतं, जुनं गोव्याकडचं. त्या बोलत असाव्यात, त्यांचे हात हलताना दिसत होते. लालबागला पुलाखाली डावीकडून एक हातगाडीवाला कोबी भरून आला. मी त्याला पाहिलं होतं. त्याने थांबायला हवं होतं. तो थांबला नाही.

इनेझबाईंचं म्हणणं की त्या कधीपासून ओरडत होत्या, "भाऊ, थांबव ना! माणूस आहे तिकडे, माणूस!" आणि मागून एक टेम्पो हॉर्न देत होता. तसं काही नव्हतं. त्या ओरडल्या ते काचेवर कोबी आल्यावर. ते मी ऐकलं, कारण तेव्हा त्यांनी माझा दंडच धरला होता.

हातगाडीवाल्याच्या कोपराला खरचटलं. तो उठून उभा राहिला, स्वतःच्या पायांनी. गर्दी जमते तशी जमली. एक पोरगा म्हणाला, "अंकल, कान में रुई डाला है क्या?" तुझ्या सासूबाईंनी त्याला गप्प केलं, तेवढं त्यांचं मानायला हवं. मग आम्ही हॉस्पिटलला गेलो. त्यांनी वॉर्ड पाहिला, बाथरूम पाहिली, सिस्टरशी दहा मिनिटं आपलं गाव काढून बोलल्या. बाहेर आल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं?"

"हॉस्पिटल फर्स्ट क्लास आहे, भाऊ," त्या म्हणाल्या. "प्रॉब्लेम हॉस्पिटलपर्यंत पोचायचा आहे."

आणि टॅक्सी करून गेल्या. माझी गाडी समोर उभी असताना.

तू आईला विचारलंस, "बाबा बरे आहेत ना?" हा प्रश्न मला विचारायचा असतो. मी बरा आहे. वयाच्या मानाने चांगलाच बरा आहे. एक बारीक शिट्टी ऐकू येते अधूनमधून, तीही फ्रिजची आहे. बंद करून बघितला, कॉम्प्रेसर थंड व्हायला वेळ लागतो म्हणून शिट्टी राहते.

डाव्या सीटला तुझ्यासाठी पाठीची उशी शिवून घेतलीय. पट्टा पोटाच्या खालून कसा घ्यायचा ते मी वाचून ठेवलंय, तुला दाखवेन.

बाबा


घोडपदेव
गुरुवार, २९ फेब्रुवारी

नूपुर,

तुझं पत्र आलं. तीन ओळींचं असलं तरी पत्र आहे. "बाबा, एवढ्या सीडी करताय तर आल्विनने तुम्हाला दिलेलीही करा. त्यात मी गायलेय. ती ऐकलीत की आपण बोलू."

पहिल्यांदा आपल्या घरी आला तेव्हा त्याने दिलेली, घरी बर्न केलेली सीडी. वर मार्करने चर्चच्या क्वायरचं नाव. मी ती तेव्हा ऐकली नव्हती, पण टाकलीही नव्हती. लावली. तांत्रिकदृष्ट्या काम हौशी आहे. कोणीतरी दोन माइक लावून सरळ रेकॉर्ड केलंय, मधे काही मिसळलेलं नाही. ऑर्गन आहे, पुरुषांचे जाड आवाज आहेत, कोणीतरी खोकतोय. मधेमधे पुरुष थांबतात आणि बराच वेळ नुसती शांतता राहते, मग परत ते सुरू करतात.

तू त्यात नाहीस.

मी सबंध सीडी दोनदा ऐकली. तू कुठेही नाहीस. तुझा आवाज मी ओळखणार नाही असं तुला वाटलं का? की मी ऐकणारच नाही, न ऐकता "छान गायलीस" म्हणेन, आणि मग पकडायचं, असं ठरवलं होतंस? आल्विनची कल्पना असेल. माझी परीक्षा घ्यायची होती तर निदान खरी तरी घ्यायची.


शुक्रवार, १ मार्च

वरचं खोडत नाही. लिहिलेलं फाडायची मला सवय नाही. पुढचं वाच.

काल पाकीट बंद करायच्या आत तुझी आई आली. म्हणाली, "असं कसं नाही? द्या इकडे." हेडफोन तिने लावला. हा तिसरा हेडफोन आहे, यावेळचा चांगल्या कंपनीचा. ती खुर्चीवर बसली. थोड्या वेळाने तिचे डोळे भरून आले.

"अहो, केवढी स्पष्ट आहे," ती म्हणाली. "एकटीच तर आहे इथे. बाकीचे थांबलेत."

मी स्क्रीनवर आवाजाचं चित्र उघडलं. त्यात दोन पट्ट्या असतात, वरची डावीकडची, खालची उजवीकडची. खालची पट्टी सपाट पडली होती. तिथेच मला शांतता ऐकू आली होती. वरच्या पट्टीत डोंगर होते. एकामागे एक, मोठे. पुरुषांचा माइक उजवीकडे, बायकांचा डावीकडे, एवढं साधं होतं ते.

मी हेडफोन तिच्याकडून घेतला आणि उलटा घातला.

तू शेवटच्या ओळीच्या आधी श्वास घ्यायची घाई करतेस. शाळेत पाठांतर म्हणताना करायचीस, तशीच. बाकी सूर चोख आहे. तुला मी कधी गाणं शिकवलं नाही आणि तू कुठे शिकायलाही गेली नाहीस, म्हणजे तेही तुझं तूच केलंस.

आता यातलं दुसरं. तारा अदलाबदल केल्या आणि तरी खोट त्याच बाजूला राहिली, तर खोट तारेत नसते, स्पीकरातही नसते. हे मी आजवर बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांना समजावून सांगितलंय. म्हणजे माझ्या डाव्या कानात मळ झालाय. तेल घालतोय. आई डॉक्टर म्हणाली. मी म्हटलं, आजवर माझं प्रत्येक यंत्र मी स्वतः उघडलं आहे.

"हे उघडता येणार आहे का तुम्हाला?" ती म्हणाली आणि आत गेली.

मी ऐकलं, नूपुर. आता ठरल्याप्रमाणे बोलू.

बाबा


घोडपदेव
बुधवार, १३ मार्च

नूपुर,

तुझा फोन आला त्या दिवसापासून तुझी आई घरात गुणगुणतेय, असं रमाकांतने सांगितलं. तू म्हणालीस, "या बाबा. तुम्हीच या न्यायला." मी फोन उजव्या कानाला धरला होता, त्यामुळे एकही शब्द सुटला नाही.

आता अडचण सुटली आहे, ते सांगतो. कान तसाच आहे, तेलाने फरक नाही. पण विचार केल्यावर लक्षात आलं की प्रश्न कानाचा नाहीच. एका बाजूचं दुसऱ्या बाजूला पोचत नाही, हा प्रश्न आहे. तेव्हा मी सगळ्या फाइल पुन्हा केल्या. दोन्ही बाजू एकत्र करून एकच आवाज. त्याला मोनो म्हणतात, आमच्या लहानपणी रेडिओ असाच असायचा आणि कोणाचं काही अडलं नाही. दोन्ही कपाटं पुन्हा पहिल्यापासून. त्या क्वायरच्या सीडीत आता तू आणि पुरुष एकाच ठिकाणी उभे आहात. काही सुटत नाही. गाडीतही आवाज पूर्ण उजवीकडे घेतलाय. आता मला सगळं ऐकू येतं.

आईच्या हट्टापायी दादरला कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. तरुण आहे, घाईत असतो. त्याने कानात पाहिलं, मळ नाही म्हणाला. मला डोळे मिटून एका जागी पावलं टाकायला लावली, लहान मुलांना करायला लावतात तसं. डोळे उघडले तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून होतो, डावीकडच्या. त्याने डोक्याचं स्कॅनिंग लिहून दिलं. कानाच्या माणसाने डोक्याची तपासणी लिहून द्यावी! वर विचारतो, "गाडी चालवता का?" मी म्हटलं, "उत्तम." म्हणाला, "रिपोर्ट येईपर्यंत नको." स्कॅनिंग तू आल्यावर सावकाश करू. बाळंतपणाच्या घरात दोन-दोन आजारी नकोत.

आई यायची नाही म्हणते. आधी येणार होती, ओटीचं सगळं बांधून ठेवलं होतं. आज म्हणाली, "मी त्या गाडीत बसणार नाही आणि तिलाही बसू देणार नाही." मी म्हटलं, बाळंतीण व्हायच्या मुलीला असलं काही सांगून तिचा जीव घाबरा करायचा असेल तर कर. तेव्हापासून ती काही बोललेली नाही. मला वाटतं, पटलं.

रविवारी सकाळी निघतो. जेवायला तुझ्याकडे. तू दुपारी आवरून ठेव, उजेडात घाट उतरू.

बाबा


खर्डी, आग्रा रोड
रविवार, १७ मार्च

नूपुर,

घाबरू नकोस. मला काही झालेलं नाही आणि दुसऱ्या कोणालाही नाही. हे आधी दोनदा वाच, मग पुढे.

एका चहाच्या टपरीवर बसून लिहितोय. कागद दुकानातला आहे. लिहून झालं की फोटो काढून आईला पाठवतो, ती तुला पाठवेल. फोन केला असता, पण फोनवर मी तुला "जरा उशीर होईल" एवढंच सांगेन आणि परत गाडीत बसेन, हे मला माहीत आहे.

काल संध्याकाळी तू फोन केलास. आईने सांगितलं की माझं बुधवारचं पत्र तुला मिळालं आणि म्हणून केलास. तू बराच वेळ बोलत होतीस. शेवटी मी "बरं" म्हटलं आणि ठेवला. नूपुर, मी तो फोन डाव्या कानाला धरला होता. मुद्दाम. तू "येऊ नका" म्हणणार हे नाव दिसल्याबरोबर कळलं होतं. ऐकलंच नाही असं म्हणायची मी सोय करून घेतली.

शहापूर सोडल्यावर रस्ता डावीकडे कलायला लागला. मी स्टिअरिंग सरळच धरलं होतं. माझ्या हिशेबाने सरळ. मग सगळी जमीन उचलल्यासारखी झाली, झाडं तिरकी, आणि गाडी रस्ता सोडून कठड्याला घासत गेली. कडेने एक बाई मोळी घेऊन चालली होती. तिने मोळी टाकली आणि खाली शेतात उडी मारली. मी तिला पाहिलं नव्हतं. कोबीवाल्यालाही पाहिलं नव्हतं.

त्याच बाईंची ही टपरी. बकुळा नाव त्यांचं. लाकडं चुलीसाठीच आणत होत्या. त्यांनीच मला दार उघडून बाहेर काढलं. मला उभं राहता येईना, तर खांदा दिला, आणि चालता चालता शिव्या दिल्या. "एवढी बोंबलले मी, म्हातारबा! झोपला होता का मेला होता?" मी म्हटलं, उजवीकडून बोला. त्या थांबल्या, माझ्याकडे पाहिलं, फिरून या बाजूला आल्या आणि तेच परत म्हणाल्या. मग चहा दिला. दोनदा उलटला, आता तिसरा पोटात राहिलाय. जमीन अजून थांबलेली नाही, म्हणून अक्षर असं येतंय.

गाडी चालू आहे. डावीकडचा आरसा गेला आणि डाव्या खिडकीची काच फुटली. ती सगळी सीटवर पडलीय, तुझ्या उशीवर. तुझ्याकडे येताना घडलं म्हणून बरं. तुला घेऊन जाताना घडलं असतं तर काय, हे मी इथे बसल्यापासून दुसरं काही न करता बघतोय. पेनड्राइव्ह कुठेतरी सीटखाली गेलाय. शोधला नाही.

आता नीट वाच. तू यायचं नाहीस. आल्विनला पाठव, बसने, जीपने, मिळेल त्याने. टपरी रस्त्याच्या डाव्या हाताला आहे, मुंबईकडून येताना. त्याला नाशिकहून उजवीकडे दिसेल. त्याने गाडी घ्यायची. मग मला परेलला नेऊन ते स्कॅनिंग करायचं, की आधी तुझ्याकडे आणायचं, ते त्याने ठरवावं. मी मधे बोलणार नाही. सीट त्याच्या उंचीप्रमाणे मागे घ्यायला सांग, ब्रेक जरा वरच लागतो तेही सांग.

काच मी झाडून काढतो आणि डावीकडे बसतो. मी हे इथे कागदावर काढून पाहिलं. चालवणाऱ्याचा डावा कान सगळ्या गाडीकडे असतो. माझ्या गाडीत माझ्याशी कोणीही बोललं तरी ते त्याच कानाशी बोलत होतं, आई, रमाकांत, तुझ्या सासूबाई. पण डाव्या सीटवर बसलं की चालवणारा उजव्या कानाकडे येतो. गाडीत मला ऐकू येईल अशी तेवढी एकच जागा आहे. आल्विनला सांग, दोन वर्षांत जे बोलायचं राहिलंय ते रस्त्याने बोलून घे.

किल्ली मी बकुळाबाईंकडे दिली आहे. मी मागितली तरी देऊ नका, असं सांगून. मघाशी जरा बरं वाटलं तेव्हा मी ती मागितली. त्यांनी दिली नाही. पण त्या अंधार पडायच्या आत टपरी बंद करून घरी जातात, आणि परक्याच्या गाडीची किल्ली घरी नेणार नाही, जाताना ती माझ्याजवळच ठेवावी लागेल म्हणतात.

त्याआधी आल्विन इथे पोचायला हवा.

बाबा